तारेवरची सवाष्ण

आमची बायको पितृपक्षातल्या नवमीला घरी जेवत नसे. सकाळीच न्हाऊन, जुनी पण धड नऊवारी नेसून तयार व्हायची आणि मला सांगायची, "तुमचं झाकून ठेवलंय. मी मेलेलीच्या घरी जाते." दुपार कलल्यावर परत यायची ती ओटीत खण-नारळ, कपाळभर कुंकू आणि तोंडात विडा. उंबऱ्यातच म्हणायची, "मेलेल्या बायका फार छान जेवू घालतात हो. जित्यांना कुठली अक्कल!"

ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगतो. नवरा जिवंत असताना जी बाई जाते, तिचं श्राद्ध नवमीला करतात. अविधवा नवमी म्हणतात तिला. त्या दिवशी एक सवाष्ण जेवायला बसवायची, म्हणजे जिचा नवरा हयात आहे अशी बाई. तिला हळदकुंकू लावायचं, बांगड्या द्यायच्या, पोटभर वाढायचं. ती जेवली की गेलेली जेवली. आणि हे नवरा असेतोवरच. तो मेला की नवमी बंद. मग त्या बाईला पुन्हा कुणी नवमीला वेगळं ताट वाढत नाही.

काशीत दुर्गाघाटावर आणि ब्रह्माघाटावर आता मराठी घरं थोडी राहिली. त्यात नवमीला जेवायला येणारी बाई मिळणं कठीण. कुणी माहेरी जायची, कुणाचं पोट दुखायचं, कुणाकडे नेमका त्याच दिवशी पाहुणा. खरी गोष्ट अशी की श्राद्धाचं अन्न अंगावर येतं असं बायकांना वाटतं. आमची मात्र कुणालाच नाही म्हणाली नाही. एका नवमीला दोन घरची बोलावणी आली तर एकीकडे जेवायची आणि दुसरीकडे खिरीची वाटी तोंडाला लावून यायची. मी म्हणायचो, "अगं, जरा बेतानं." ती म्हणायची, "उपाशी बाई परत पाठवायची का? तुम्हीच सांगा."

ती गेली जेठात. सकाळी नळाचं पाणी भरलं, डोकं दुखतं म्हणून पडली, अंगाची काहिली झाली. डॉक्टर येईपर्यंत बोलणं बंद झालं होतं. तिनं भरलेल्या पाण्यानंच तिला आंघोळ घातली. मणिकर्णिका, म्हणजे जाळायचा घाट, आमच्यापासून लांब नाही. इथं राहणाऱ्याला तो रस्ता पायाखालचा असतो, पण त्या दिवशी मला तो कुठं वळतो ते कळेना.

तेराव्याला मोरीपाशी दोघी बोलताना ऐकलं.

"किती घरच्या नवम्या जेवली गं ती!"

"म्हणूनच तर. त्यांनीच ओढून नेली."

मी खाकरलो. दोघी भांडी विसळायला लागल्या. पण बोलणं गल्लीत फिरायचं ते फिरलंच. मेलेल्या बायका हिला आपल्यात घेऊन गेल्या, आता हिच्या नावानं जी जेवेल तिला ही घेऊन जाईल. माझ्या तोंडावर कुणी म्हणालं नाही. पण मी रस्त्यानं गेलो की बायका आपल्या सुनांना आत बोलवायच्या, जसा मी हातात ताट घेऊनच निघालोय.

पहिल्या वर्षी नवमी करायची नसते. वर्षश्राद्ध झालं आणि मग पहिली नवमी आली. आम्हाला मूलबाळ नाही. करणारा मी एकटा. मी ठरवलं होतं की बाकी काही चुकलं तरी चालेल, पण ही बाई उपाशी राहता कामा नये. जन्मभर दुसऱ्यांच्या मेलेल्यांसाठी जेवली, आणि हिच्या पानावर कुणी बसू नये, म्हणजे काय?

माझी सगळी नोकरी विद्यापीठात गेली. हॉलचं काम. सतरंज्या घालायच्या, खुर्च्या मांडायच्या, माईक लावायचा, कार्यक्रम झाला की कुलूप. शाळा चौथीत सुटली, पण भाषणं इतकी ऐकली की कोणता मास्तर कोणत्या वाक्याला पाणी पितो ते सांगीन. पेन्शनीत निघालो तरी तिथलं मराठी मंडळ मला बोलवायचं. या मंडळात विद्यापीठातले, बँकेतले, रेल्वेतले लोक आणि आम्ही घाटावरचे जुने. गणपती, कोजागिरी, दिवाळीचा फराळ असे कार्यक्रम. मोदक आमची करायची, सतरंज्या मी घालायचो.

त्या वर्षी मंडळाच्या सेक्रेटरीनं नवीन काढलं. हा इंजिनिअरिंग शिकवणारा तरुण मास्तर, जन्मला इथंच, मराठी बोलता बोलता हिंदीत घसरणारा. माणूस वाईट नाही, पण घाईचा. त्याचं म्हणणं, इंदूर, बडोदा, ग्वाल्हेर आणि नागपूर इथल्या मंडळांना फोनवर एकत्र आणायचं. टेलिफोनच्या हपिसातली बाई चारी गावं एका तारेला जोडणार. आमच्या हॉलात फोनला लाउडस्पीकर लावायचा. इकडं बोललेलं चारीकडं ऐकू जाईल, तिकडचं इकडं येईल. कुणी गाव सोडायचं नाही आणि सगळे भेटले!

आषाढात तारीख ठरायच्या आधीच मी त्याला गाठलं. म्हटलं, "कुठलीही तारीख घे, फक्त भाद्रपद वद्य नवमी सोड. त्या दिवशी माझ्याकडं काम आहे, आणि मला एक बाई लागणार आहे."

"काका, आप चिंता मत करो," म्हणाला, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात बोट घातलं. "ही बघा, लिहून ठेवतो."

गणपती विसर्जन झालं आणि हॉलच्या दाराशी येत्या कार्यक्रमांचा फलक लागला. पहिलंच नाव फोनच्या मेळाव्याचं. तारीख वाचली, घरी येऊन माझं पंचांग काढलं. नेमकी नवमी. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरीकडं गेलो.

"काका, नवमी तर कधीच झाली," तो म्हणाला. "जन्माष्टमीच्या दुसऱ्या दिवशी. मी बघितलं होतं ना तुमच्यासमोर."

मग माझ्या लक्षात आलं. भिंतीवरचं कॅलेंडर हिंदी. त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. त्यामुळे त्यांचा भाद्रपद वद्य आपल्या आधी येऊन जातो, आणि ज्याला आपण भाद्रपद वद्य म्हणतो त्याला ते आश्विन म्हणतात. आपल्या माणसानं त्यांच्या कॅलेंडरात आपली तिथी शोधली. इथं वाढलेल्या मराठी पोराशिवाय ही चूक दुसरा कुणी करणार नाही.

"अरे, पण पितृपक्षात कार्यक्रम? तुला हॉल कसा मिळाला?"

"तेच तर! पूरा पखवाड़ा रिकामा होता. एकदम मिळाला."

रिकामा का होता ते त्यानं कुणाला विचारलं नव्हतं.

"तारीख बदल."

"काका, चार शहरं, टेलिफोनवाले, सगळं बांधलंय. नवमी काय, दर महिन्यात दोनदा येते. पुढची घ्या."

मी त्याला एक शिवी दिली. ती इथं लिहीत नाही. तो हसला, कारण ती त्याला लहानपणापासून माहीत होती.

मग मी बाई शोधायला लागलो. हिंदी शेजारणींना विचारलं, पण त्यांच्याकडं त्याच दिवशी मातृनवमी, प्रत्येकीच्या घरी आपापलं श्राद्ध. आपल्यातल्या सगळ्याजणी मेळाव्यात गाणं म्हणणार होत्या. पूर्वी पोट तरी दुखवून घ्यावं लागायचं, आता विद्यापीठानं सगळ्यांना एकच कारण दिलं. "आमची प्रॅक्टिस आहे हो भाऊजी." "आम्हाला सकाळीच जायचंय." मला एकदाही कुणी तोंडानं नाही म्हणालं नाही.

शेवटी ब्रह्माघाटावरच्या वहिनींकडे गेलो. बँकेतल्या क्लार्कची बायको, हिची सगळ्यांत जवळची. दोघी मिळून गंगेवर जायच्या, मिळून लोकांची उणीदुणी काढायच्या. मी म्हटलं, "वहिनी, तुम्ही तरी या."

त्यांनी सुपातल्या तांदळातले दोन खडे वेचून टाकले. मग म्हणाल्या, "येईन. कार्यक्रम संपला की तुमच्याबरोबर रिक्षानंच येईन. तिच्यासाठी नाही यायचं तर कुणासाठी?"

मला बरं वाटलं. पण निवडलेले तांदूळ त्यांनी पुन्हा न निवडलेल्यात ओतले, तेही मी पाहिलं.

त्या वर्षी गंगा लवकर चढली आणि उतरायचं नाव घेईना. घाटाच्या पायऱ्या दिसेनाशा झाल्या, पाणी गल्लीच्या तोंडाशी आलं. मणिकर्णिकेला खालची जागा बुडाली की वरच्या गच्चीवर जाळतात. मग धूर घरांच्या उंचीला येतो. वाळत घातलेल्या धोतराला तो वास, डाळीला तो वास. मल्लाह, म्हणजे नावाडी, म्हणायचे, अजून चढेल. नवमीच्या सकाळी मी दार उघडलं तर पाणी आणखी एक पायरी वर आलेलं, आणि त्यावर कुणाच्या तरी तिरडीचे बांबू आणि झेंडूची माळ हेलकावत होती.

स्वयंपाकाला गल्लीतल्या एक म्हाताऱ्या बाई आल्या होत्या. त्या कधीच्या विधवा. "रांधायला मी आहे," त्या म्हणाल्या, "बसायला माझा उपयोग नाही. तेवढी बाई घेऊन या, वेळेवर." त्यांनी खीर चढवली आणि मी विद्यापीठाकडं निघालो.

हॉलात सतरंज्या घातल्या. पोरांनी टेबलावर फोन ठेवून त्याला एक डबा आणि दोन भोंगे जोडले होते. लोक यायला लागले. वहिनी आल्या, जरीची साडी, पण माझ्याकडं न बघता पहिल्या रांगेत जाऊन बसल्या. त्यांचे यजमान दाराशी मला भेटले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "भाऊसाहेब, राग मानू नका. तिला पाठवणार नाही. मला शुगर आहे, पोरगी लग्नाची आहे. उद्या काही झालं तर मी काय करू? माझा विश्वास नाही हो असल्या गोष्टींवर. पण तरी."

"विश्वास नाही तर पाठवा."

"पण तरी," ते पुन्हा म्हणाले आणि जाऊन बायकोच्या मागच्या खुर्चीवर बसले, जणू ती पळून जाईल.

मी भिंतीला टेकून उभा राहिलो. घरी पान मांडलेलं असणार. दुपार होत होती.

फोन वाजला. टेलिफोनच्या बाईनं एकेक गाव जोडलं. "हॅलो इंदूर!" "नमस्कार काशीकर!" टाळ्या पडल्या. पण त्या यंत्रात एक खोड होती. इथं बोललेलं तारेवरून फिरून पुन्हा भोंग्यातून परत यायचं, थोडं उशिरा आणि पातळ होऊन. सेक्रेटरी म्हणाला, "सर्वांचं स्वागत," आणि जरा वेळानं कुठूनतरी खोल जागेतून त्याचाच आवाज म्हणाला, "स्वागत." पोरं हसली. मला हसू आलं नाही. पाण्याखालून कुणी बोलावं तसं ते वाटत होतं. आमच्या बायकांनी गाणं म्हटलं तर त्यांच्यामागून त्याच बायका दुसऱ्यांदा गात होत्या, एक ओळ मागं राहून.

मग सेक्रेटरीनं मला पुढं ओढलं. "आता आमच्या मंडळातले सर्वांत जुने काका येत्या कार्यक्रमांची घोषणा करतील." मला आधीच सांगून ठेवलं होतं त्यानं, म्हाताऱ्याला मान द्यायचा म्हणून. मी फोनच्या डब्यापुढं उभा राहिलो आणि सांगितलं. कोजागिरीला हॉलच्या गच्चीवर दूध. दिवाळीला फराळ, ज्यानं त्यानं आपली वाटी आणावी. आणि पुढच्या वर्षी फोनवर पुन्हा असाच मेळावा.

"शाब्बास, काका," सेक्रेटरी हळूच म्हणाला. "बस, नमस्कार म्हणा."

मी नमस्कार म्हणालो नाही. म्हटलं, "आज अविधवा नवमी आहे. माझी बायको मागच्या वर्षी जेठात गेली. घरी पान वाढलंय आणि काशीत एक सवाष्ण मिळत नाही. सगळ्या इथं बसल्यात, नटून. घाबरतात. मला खोटं बोलता येत नाही म्हणून सांगतो, लोक म्हणतात की जी जेवेल तिला ती घेऊन जाईल. तरी विचारतो. कुणी जेवेल का?"

तारेवर नुसता खरखराट. मग भोंग्यातून माझाच आवाज परत आला, "कुणी जेवेल का?" वहिनींनी तोंडाला पदर लावला.

सेक्रेटरी माझ्या दंडाला धरून म्हणाला, "काका, क्या कर रहे हैं आप?" तेवढ्यात तारेवर एक बाई बोलली. तरणी असावी.

"काका, मी जेवते."

कुठल्या गावाहून ते कळेना. मी डब्यावर वाकलो. "काय म्हणालात, बाई?"

"मला तिकडं येता येणार नाही. मी इथंच पान मांडते, आत्ता घरी जाऊन. तुम्ही तिकडं माझ्या नावानं पाणी सोडा. त्यांचं नाव सांगा."

मागून एक पुरुष दबक्या आवाजात ओरडला, "अगं, वेड लागलं का तुला? ठेव ते!"

"थांबा हो तुम्ही," ती त्याला म्हणाली. "काका, नाव सांगा ना."

मी जन्मात बायकोला नावानं हाक मारलेली नाही. ती मला अहो, मी तिला अगं. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. त्या भरल्या हॉलात मी ते नाव घेतलं, आणि थोड्या वेळानं ते तारेवरून मला परत ऐकू आलं. अंगावर काटा आला तो अजून जात नाही.

"काय आवडायचं त्यांना?" तिनं विचारलं.

"खीर. आणि अळूचं फदफदं, त्यात शेंगदाणे..."

खट्ट झालं. तार तुटली. सेक्रेटरीनं डबा ठोकला, टेलिफोनच्या बाईला फोन केला. पुन्हा चारी गावं लागली तेव्हा ती बाई नव्हती.

"सगळ्या कार्यक्रमाचा विचका केलात," सेक्रेटरी म्हणाला. त्याच्या डोळ्यांत मात्र राग नव्हता, भीती होती. मी सतरंज्या तशाच सोडून निघालो.

घरी म्हाताऱ्या बाई दारात उभ्या. माझ्यामागं कुणी नाही हे पाहिलं. "बाई कुठाय?"

"फोनवर मिळाली."

"फोनवर जेवतं का कुणी?"

"तिकडं जेवणार आहे ती. तिच्या घरी."

त्यांनी कपाळाला हात लावला. मग जरा विचार करून म्हणाल्या, "मग वाढते. तिकडं ती हात घालेल तेव्हा इकडं पान भरलेलं पाहिजे." पाटापुढं रांगोळी काढली, पाटालाच हळदकुंकू लावलं, बांगड्या पाटावर ठेवल्या. मी पाणी सोडलं, त्या बाईच्या नावानं म्हणायचं तर नावच माहीत नाही, म्हणून नुसतं "जी बोलली तिच्या" असं म्हणालो. आम्ही दोघं भिंतीशी बसून राहिलो. खिरीवर साय धरली. पान नंतर गंगेत सोडलं. त्यासाठी घाटावर जायची गरज नव्हती, दाराबाहेरच पाणी होतं.

पुढं मी सेक्रेटरीच्या मागं लागलो, ती बाई कुठली ते शोध. त्यानं खरंच चारी मंडळांना फोन केले. चारी ठिकाणचं उत्तर एकच, आमच्याकडची कुणी बोलली नाही. गल्लीत लगेच पसरलं की ती आमचीच होती, तारेतून आली आणि स्वतःच्या नावानं स्वतःच जेवून गेली. वहिनींनी तर मला शपथेवर सांगितलं की आवाज ओळखला.

मी त्यांना सरळ सांगितलं, मूर्खपणा करू नका. जिच्या बडबडीत जन्म काढला तिचा आवाज मला कळतो. ती असती तर काय आवडायचं ते तिनं मला विचारलं नसतं, शेंगदाण्यांआधी नारळ घाला म्हणून स्वतःच सांगितलं असतं. आणि तिला कुणी "ठेव ते" म्हणून दामटलं असतं तर ती "थांबा हो" म्हणाली नसती, दुसरं काही बोलली असती. ती जिवंत बाई होती. जिवंत, घरात घाबरलेला नवरा असलेली, आणि माझ्यावर दया आलेली. घरच्यांनी नंतर तिला दाबलं असणार. मंडळांना सांगितलं असणार, आमची बोलली नाही म्हणा. किंवा नंतर काही झालं असेल, आणि कुणाला सांगायचं नसेल.

हे "किंवा" मला झोपू देत नाही. माझ्या बायकोचं पोट भरलं का, हा प्रश्न त्या दिवसापासून सुटला. आता दुसरा आहे. लोक बोलले ते खोटंच आहे, हे मी हजारदा म्हणतो. तरी सकाळी डोकं दुखून पडलेली एक तरणी बाई मला दिसते, तिला मी कधी पाहिलेलीही नाही, आणि तिच्या घरी भरून ठेवलेलं पाणी दिसतं.

या पितृपक्षात विद्यापीठात पुन्हा फोनचा मेळावा आहे. सेक्रेटरीनं या वेळी नवमी टाळून तारीख घेतली, मला विचारून. तो घरी येऊन म्हणाला, "काका, तुम्हाला बोलायला देणार नाही, आधीच सांगतो." मी म्हटलं, "मला एकच वाक्य बोलायचंय. नाही दिलंस तर तार उपटीन." तो माझ्या तब्येतीकडं बघत बसला.

या वेळी मी सवाष्ण मागणार नाही. पान मांडीन, बसली कुणी तर बसली. मी चारी गावांना एवढंच विचारणार आहे की मागच्या वर्षी बोललेली बाई, तू आहेस ना? नाव सांगू नकोस, गाव सांगू नकोस. नुसता हुंकार दे.